तुमच्या दुकानाचा डेटाबेस कोणत्या व्हर्जनवर चालतो? स्क्रिप्टलाच विचारू द्या!



ऑनलाइन दुकान सुरू करताना आपण डोमेन घेतो, होस्टिंग घेतो, लोगोवर आठवडा घालवतो. पण आपला माल, ऑर्डर आणि ग्राहकांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये राहणार, त्याचं व्हर्जन कोणतं हे किती जण विचारतात? "ते डेव्हलपर बघेल" म्हणून आपण मोकळे होतो. आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. तो थेट तुमच्या गल्ल्याशी जोडलेला आहे.

समजा, तुम्ही येवल्याची पैठणी ऑनलाइन विकता. एका डिझाइनचा एकच नग आहे. डेव्हलपरने टेबलवर नियम लावला की स्टॉक शून्याच्या खाली जाता कामा नये. याला चेक कन्स्ट्रेंट म्हणतात. घरच्या कम्प्युटरवर झॅम्पमध्ये टेस्ट केलं, नियम चोख चालला. साइट होस्टिंगवर चढवली, एकही एरर आली नाही. मग दिवाळीच्या गर्दीत दोघींनी एकाच वेळी पैसे भरले आणि स्टॉक झाला उणे १. पैसे दोघींचे, पैठणी एक!

नियम लावला होता, मग गेला कुठे?

मायएसक्यूएल ८.०.१६ हे व्हर्जन एप्रिल २०१९ मध्ये आलं. त्याआधीची व्हर्जन्स हा नियम वाचायची, "ठीक आहे" म्हणायची आणि सोडून द्यायची. एरर नाही, सूचना नाही. नियम साठवलाच जात नव्हता.

मग घरी कसा चालला? कारण झॅम्पमध्ये २०१५ पासून मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी येतो. हा मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेला, पण आता वेगळा डेटाबेस आहे. त्याने हा नियम १०.२ पासूनच पाळायला सुरुवात केली. घरी एक सर्व्हर, होस्टिंगवर दुसरा. म्हणून घरी चाललं ते तिकडे चालेलच, असं धरून चालू नका.

लक्षात ठेवा, एरर देणारा सर्व्हर परवडतो. तो लगेच कळतो. गप्प बसणारा सर्व्हर महागात पडतो.

स्क्रिप्टमध्ये काय करायचं?

१. डेटाबेसला जोडणी झाली की पहिली कमांड "सिलेक्ट व्हर्जन" हीच पाठवायची. उत्तर थेट सर्व्हरकडून येतं. काळ्या खिडकीत कमांड देऊन जे व्हर्जन दिसतं, ते बऱ्याचदा तुमच्या मशीनवरच्या क्लायंटचं असतं, सर्व्हरचं नाही. इथे खूप जण फसतात.

२. उत्तरात "मारियाडीबी" हा शब्द आहे का, ते आधी बघायचं. कारण दोघांचे आकडे वेगळ्या वाटेने वाढले आहेत. मारियाडीबीचा १० हा मायएसक्यूएलच्या ८ पेक्षा "पुढचा" आहे, असा हिशेब लावू नका.

३. आकड्यांची तुलना आकडे म्हणूनच करायची. अक्षरं म्हणून केली तर "१०.६" हे "५.७" च्या आधी लागतं, कारण १ हा ५ च्या आधी येतो. म्हणजे नवा सर्व्हर जुना ठरतो! पीएचपीमध्ये यासाठी व्हर्जन कम्पेअर नावाचं तयार फंक्शन आहे, तेच वापरायला सांगा.

४. व्हर्जन कमी पडत असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवायची आणि साध्या भाषेत मेसेज द्यायचा: "सर्व्हर जुना आहे, ८.०.१६ किंवा पुढचा हवा." ही तपासणी टेबल बनवण्याआधीच हवी. मायएसक्यूएलमध्ये टेबल बनवण्याची कमांड लगेच पक्की होते, नंतर रोलबॅक करून मागे फिरता येत नाही. अर्ध्यावर थांबलेली स्क्रिप्ट निस्तरणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

अजून खात्री हवी? मग स्क्रिप्टला एक चाचणी टेबल बनवू द्या. त्यावर हाच नियम लावा आणि मुद्दाम स्टॉक उणे १ टाकून बघा. सर्व्हरने नाकारलं तर नियम जिवंत आहे. स्वीकारलं तर समजून जा. काम झालं की टेबल काढून टाका.

होस्टिंग जुनंच असेल तर?

मायएसक्यूएल ५.७ चा अधिकृत सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. तुम्ही अजून त्यावर असाल तर होस्टिंगवाल्याला अपग्रेडबद्दल आजच विचारा. तोपर्यंत स्टॉक कमी करणाऱ्या कमांडमध्येच "स्टॉक शून्यापेक्षा जास्त असेल तरच" ही अट घालून घ्या, आणि एकही ओळ बदलली नाही तर ऑर्डर थांबवा. खरं तर सर्व्हर नवा असला तरी ही अट असू द्या.

आणि एक गोष्ट. अपग्रेड झालं म्हणजे जुना नियम आपोआप जागा होत नाही. तो साठवलेलाच नव्हता, त्यामुळे पुन्हा लावावा लागतो. टेबलमध्ये आधीच उणे स्टॉक असेल तर सर्व्हर नवा नियम घेणार नाही. आधी तो हिशेब साफ करा.

मला कोडिंग येत नाही, मी काय करू?

वर्डप्रेसवर दुकान असेल तर टूल्समध्ये साइट हेल्थ उघडा, इन्फोमध्ये जा आणि डेटाबेस हा भाग बघा. सर्व्हरचं व्हर्जन तिथेच लिहिलेलं असतं. पीएचपीमायअॅडमिन असेल तर पहिल्याच पानावर "डेटाबेस सर्व्हर" या चौकटीत दिसतं. खाली क्लायंटचं व्हर्जनही असतं, त्यात गल्लत करू नका.

आजचं काम एवढंच. पाच मिनिटं काढा, हा आकडा वहीत लिहा आणि डेव्हलपरला दोन प्रश्न विचारा: "आपली स्क्रिप्ट सर्व्हरचं व्हर्जन तपासते का? आणि कमी पडलं तर थांबते का?" दोन्ही उत्तरं "हो" आली, तर दिवाळीची जाहिरात बिनधास्त सुरू करा. नाही आली, तर आधी हे काम, मग जाहिरात.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण पाया बघून!