डार्विन शिकायचाय? दुधनीच्या शिवारात चला!

उत्क्रांती म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे गॅलापागोसची बेटं येतात. पण राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा, 'आनुवंशिकता व उत्क्रांती', दुधनीच्या पोरांना बांधावर आणि अडत दुकानातही वाचता येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या वेशीवरचं हे तुरीच्या बाजारपेठेचं गाव. इथून आणि आसपासच्या मुलखातून वेचलेल्या या काही मजेदार गोष्टी.

1. तूर अस्सल भारतीय!
तुरीची रानटी बहीण आजही ओडिशा-बस्तरच्या रानात उगवते. रानटी शेंग वाळली की तडकते आणि दाणे उधळते. झाडाच्या दृष्टीने हा फायदाच, कारण बी दूरवर पसरतं. शेतकऱ्याला मात्र न तडकणारी शेंग हवी होती. म्हणून त्याने पिढ्यानपिढ्या तशाच झाडांचं बी राखलं. किमान साडेतीन हजार वर्षांच्या या निवडीतून आजची तूर घडली. डार्विननेही 1859 सालच्या आपल्या ग्रंथाची सुरुवात माणसाने पाळलेल्या प्राण्यांपासून आणि पिकवलेल्या झाडांपासूनच केली होती.

2. भाकरीचं मूळ आफ्रिकेत
सोलापूरची ओळख असलेली ज्वारी माणसाने पहिल्यांदा पिकवली ती सुदानच्या बाजूला. इथे आल्यावर ती रब्बीच्या कोरड्या थंडीत आणि काळ्या मातीतल्या ओलीवर तगेल अशी घडत गेली. स्थानिक मालदांडी ज्वारीतूनच निवड करून मोहोळला मालदांडी 35-1 हा प्रसिद्ध वाण तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

3. अळी औषधाला 'शिकत' नाही
फवारणी करूनही अळी मरत नाही, तेव्हा 'तिला औषधाची सवय झाली' असं आपण म्हणतो. खरी गोष्ट वेगळी आहे. हजारो अळ्यांमध्ये एखाद-दुसरी जन्मतःच विष पचवणारी असते. बाकीच्या मरतात, ती जगते आणि पुढची पिढी तिची होते. हीच नैसर्गिक निवड! बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा बीटी कापूस भारतात 2002 मध्ये आला आणि 2017 पर्यंत गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. म्हणूनच बीटीबरोबर काही नॉन-बीटी झाडंही लावतात. तिथे साध्या अळ्या टिकतात, त्यांच्या पतंगांचं चिवट अळ्यांपासून झालेल्या पतंगांशी मीलन होतं आणि प्रतिकाराचा वेग मंदावतो.

4. डार्विनच्या नावाचा सरडा
दख्खनच्या माळांवर एक सरडा उन्हाळ्यात गळ्याखालचा पंखा फुलवतो. निळा, काळा, नारिंगी असे त्याचे झगमगते रंग! 2016 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या नव्या प्रजातीला नाव दिलं 'सारडा', थेट मराठीतून घेतलेलं. त्यातल्या एका जातीचं नाव आहे 'सारडा डार्विनी'. रंग मादीला भुरळ घालतात, पण शिकाऱ्याच्याही नजरेत भरतात. म्हणून काम झालं की पंखा मिटतो. लैंगिक निवडीचा यापेक्षा देखणा धडा कुठे मिळणार?

5. काळवीट इतकं का पळतं?
सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काळवीट हमखास दिसतं. ते ताशी सुमारे 80 किलोमीटर वेगाने धावू शकतं. एवढ्या वेगाने त्याचा पाठलाग करणारा चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं. इथला शिकारी गेला, पण असंख्य पिढ्यांच्या निवडीतून घडलेला वेग काही दशकांत जात नसतो.

6. माणूस माकडापासून झाला? नाही!
आजचं कुठलंही माकड आपला आजोबा नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा एकच पूर्वज सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होता. त्याच्यापासून दोन फांद्या फुटल्या. एवढा काळ डोळ्यांपुढे आणायचा असेल तर पायाखालची माती पाहा. ज्या बेसाल्ट खडकापासून ती झाली, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. डायनोसॉर संपले तेही त्याच सुमारास.

शिक्षकांनो, हा धडा सुरू कराल तेव्हा वर्गात मूठभर तूर आणा. लाल, पांढरे, बारीक, टपोरे असे दाणे मुलांना वेगवेगळे करू द्या आणि एवढंच विचारा: पेरायला यातले कोणते ठेवाल, आणि का? दाण्यांमधला फरक म्हणजे विविधता, मुलांनी केलेली पारख म्हणजे निवड आणि पुढच्या हंगामात उतरणारे गुण म्हणजे आनुवंशिकता. उत्क्रांतीचा पाया या तीन गोष्टींवर उभा आहे. तो पाठ करून घेऊ नका, मुलांच्या हातात द्या.