एक कण, दोन खुणा

कर्करोग पसरू लागला आहे का, हे गाठीतून निघणारा द्रव ज्या लसिकाग्रंथीत आधी पोहोचतो, त्या ‘सेंटिनल’ ग्रंथीवरून कळते. ती शोधायला एकच खूण पुरत नाही. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी खुणेचे गॅमा किरण खोलवरूनही बाहेर येतात, त्यामुळे शस्त्रक्रियेआधीच स्कॅनवर तिची जागा समजते. पण खूण जिथे इंजेक्शनने देतात त्या जागेलगतची ग्रंथी त्या प्रखर संकेतात झाकली जाते. इंडोसायनिन ग्रीन हा रंग अवरक्त कॅमेऱ्यात ती स्पष्ट उजळवतो, मात्र साधारण सेंटिमीटरभर खोलीपर्यंतच. म्हणून नेदरलँड्समधील संशोधकांनी दोन्ही खुणा नॅनोकोलॉइड या एकाच अतिसूक्ष्म कणावर जोडल्या. नुसता रंग वापरून किरणोत्सर्ग टाळावा, हा आक्षेप रास्त वाटतो. परंतु इथे मात्रा अल्प, अर्धायुष्य जेमतेम ६ तासांचे, आणि खोलातली ग्रंथी हुकली तर उपचारांची दिशाच चुकू शकते.