शेततळ्याची जागा आधी पायाखालून घाला

मे महिना लागला, की भडगाव तालुक्यात जेसीबीवाल्यांचे दिवस येतात. शेततळ्याच्या यादीत नाव लागलेले असते, यंत्र बांधावर येऊन उभे राहते आणि चालक विचारतो, "कुठं लावू, दादा?" दादांचे बोट बहुतेक वेळा एका कोपऱ्याकडे जाते. तिथे पीक येत नाही, दगडगोटे आहेत, औत धड वळत नाही. चांगली जमीन कशाला अडकवायची, असा साधा हिशेब असतो. जागा पाच मिनिटांत ठरते. तळे मात्र पुढची पंधरा-वीस वर्षे तिथून हलत नाही.

शेतकरी बंधूंनो, हा टाकाऊ तुकडाच बहुतेक तळ्यांना नडतो. ३० बाय ३० मीटर तोंडाच्या तळ्याला बांध धरून सुमारे १६ गुंठे जमीन जाते. एवढी जमीन देताना जीव तुटतो, हे खरे आहे. पण पाणी न येणारे किंवा आलेले पाणी न धरणारे तळे खोदले, तर १६ गुंठे जातातच आणि डिझेलचा पैसाही जातो. अनुदानाने सगळा खर्च भागत नाही. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, तेव्हा अनुदानाची कमाल मर्यादा ५० हजार रुपये होती. २०२२ मध्ये ती ७५ हजार झाली. २०१६ च्या योजनेत कृषी सहायकाने ठरवून दिलेल्या जागीच तळे खोदणे बंधनकारक होते. अनेकांना ती सरकारी अडवणूक वाटली, पण अट शहाणपणाची होती.

पाणी कोणते, ते आधी ठरवा

जागेचा प्रश्न सुटतो तो एका उत्तरावर. तळ्यात पाणी कुठून येणार? पावसाचे वाहते पाणी धरायचे असेल तर जागा एक, आणि विहिरीचे किंवा पाइपलाइनचे पाणी कागदात साठवायचे असेल तर जागा दुसरी. दोन्हीला आपण शेततळेच म्हणतो, म्हणून घोळ होतो.

आधी पावसाच्या पाण्याचे बघू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आगेमागे असतो. त्यातला बराचसा जमिनीत मुरतो, काही उडून जातो. सहावा-सातवा हिस्सा वाहून आला असे धरले, तर एका हेक्टरवरून अंदाजे दहा लाख लिटर मिळते. ३० बाय ३० मीटर तोंड, ३ मीटर खोली आणि एकास एक उतार असलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. तेव्हा तळ्याच्या वरच्या अंगाला निदान दोन-सव्वादोन हेक्टरचा उतार हवा आणि त्याचे पाणी एका बाजूला वळणारे हवे. तो नसेल तर २० बाय २० चे तळे घ्यावे. मोठ्या तळ्याची हौस अर्धी रिकामीच राहते.

हे वळण नकाशावर दिसत नाही. जोराच्या सरीत डोक्यावर पोते घेऊन शेतात उभे राहावे, म्हणजे समजते. ते जमत नसेल तर गावातल्या जुन्या गुराख्याला विचारावे. तो कुठल्याही यंत्राशिवाय बोट दाखवून सांगतो, "तठे पानी थांबस." पाणी जिथे आपोआप रेंगाळते, त्याच्या थोडे वर, उताराच्या शेवटच्या भागात तळे बसवावे.

मात्र थेट नाल्याच्या पात्रात नको. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि चाळीसगाव शहरात पाणी शिरले, हे आपण जवळून पाहिले आहे. वर डोंगरात पाऊस झाला, की खाली नाला काही विचारत नाही. पात्रातले तळे एका रात्रीत गाळाने भरते किंवा बांधासकट जाते. नाल्याच्या कडेला हटून जागा घ्यावी. पाणी आत येते तिथे गाळ बसायला छोटा खड्डा करावा. बाहेर पडायची वाट बांधाच्या माथ्यापेक्षा चांगली खाली ठेवून तिला दगडाचे अस्तर करावे. ही वाट शेजाऱ्याच्या बांधावर उघडू नये. शेजाऱ्याच्या उभ्या कपाशीत पाणी घुसले, तर प्रकरण पंचायतीवर जाते आणि कधी पंचायतीच्याही पुढे.

माती बोलते

जागा पसंत पडली, की यंत्र बोलावण्याआधी तिथे माणसाच्या हाताने एक खड्डा घ्या. तीन मीटर जमले तर उत्तम. वरची काळी माती किती, खाली मुरूम कुठे लागतो, पांढरी लागते का, हे बघा. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरा आणि सकाळी जाऊन पाहा. पाणी बरेच उरले असेल तर तिथे कागदाशिवाय तळे चालेल. पार आटले असेल तर तळे गळणार.

आपल्या भारी काळ्या जमिनीला एक खोड आहे. ओली असली की फुगते आणि पाणी धरते, वाळली की तडकते आणि भेगांतून पाणी सोडते. कडाही ढासळतात. म्हणून अशा जमिनीत एकास एक उतार पुरत नाही, एकास दीड घ्यावा. साठा २,१९६ वरून १,९७१ घनमीटरवर येतो, पण कडा टिकतात.

गळके तळे म्हणजे वाया गेले, असेही नाही. धुळे जिल्ह्यात शिरपूरला भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल केले, ते पाणी जमिनीत मुरावे यासाठीच. मुरमाड जागेतले तळे विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर मुरलेले पाणी विहिरीला मिळते. फक्त ते विहिरीला चिकटून नको, विहिरीच्या कडेवर दाब येतो. आणि केळीच्या बागेच्या लगेच वर नको. पाझराने बाग चिबडते आणि मुळे कुजतात.

जालना जिल्ह्यातले कडवंची गाव पाहायला आपल्याकडची बरीच मंडळी जाऊन आली आहेत. तिथली द्राक्षे आणि शेततळी सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण तिथे १९९६ पासून आधी पाणलोटाची कामे झाली, माथ्यापासून पाणी अडवले गेले आणि त्यानंतर शेततळी वाढली. वरचे काही न करता खालचे तळेच उचलून आपल्या गावात ठेवले, तर ते तसे भरणार नाही.

कागदाचे तळे

प्लास्टिकच्या तळ्याला उताराची गरज नाही. ते विहिरीजवळ, वीज असेल तिथे, शेताच्या वरच्या अंगाला घ्यावे. काही जण म्हणतात, उंचावर तळे केले की ठिबक आपोआप चालेल. दहा मीटर उंचीवर साधारण एक किलो दाब मिळतो. तीन मीटरवर तो तीनशे ग्रॅमच भरतो. नेहमीच्या ठिबकला एवढ्याने भागत नाही, मोटर लावावीच लागते. पाटाने पाणी द्यायचे असेल तर उंचीचा फायदा जरूर होतो.

जामदा कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट विशेष पाहावी. आवर्तन सुटले, की कालव्यालगत भूजल वर येते. तळे रिकामे असताना खालून पाणी दाबले, तर कागद फुग्यासारखा वर येतो आणि जोड सुटतात. अशा ठिकाणी खोली कमी ठेवून बांध उंच करावा किंवा जागाच बदलावी. बांधावर झाडे लावू नयेत. सावलीचा मोह होतो, पण मुळे पाचशे मायक्रॉनचा कागदही फोडतात.

विहीर उपसून तळे भरण्याबद्दल माझे मत थोडे कडू आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने रोज एक सेंटिमीटरच्या आसपास उतरते. ३० बाय ३० च्या भरलेल्या तळ्यातून म्हणजे दिवसाला नऊ हजार लिटर पाणी उन्हाला जाते. जमिनीखाली सावलीत होते ते पाणी वर काढून उन्हात ठेवायचे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. पावसाळ्यात विहीर काठोकाठ असताना तळे भरणे समजू शकते. उन्हाळ्यात भरणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी हवेत सोडणे.

वाट आणि पोरे

आता राहिले ते सगळ्यांत महत्त्वाचे. शेततळ्यात बुडून मुले गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतात. आपल्या पिढीतले बरेच जण पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. विहिरीला पायऱ्या असतात, दगडाच्या कपारी असतात, हात धरायला काही ना काही मिळते. कागदाच्या तळ्यात तसे काही नसते. उतार गुळगुळीत आणि त्यावर शेवाळ. चांगले पोहणारा माणूसही वर चढू शकत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही आतच राहतो. नितळ निळे पाणी पोरांना शहरातल्या जलतरण तलावासारखे दिसते, आणि धोका तिथेच आहे.

म्हणून जागा ठरवताना उतार आणि मातीबरोबर पायवाटही बघा. शाळेची वाट, गुरांची वाट, मजुरांची जेवायला बसायची जागा यांपासून तळे दूर हवे. मळ्यात राहत असाल तर घराला लागून नको, आणि घरातून दिसणार नाही इतक्या आडबाजूलाही नको. ओट्यावर बसलेल्या माणसाला तळ्याचे दार दिसले पाहिजे, हाक ऐकू गेली पाहिजे. चारी बाजूंनी जाळीचे कुंपण घालावे आणि एकच दार घराच्या बाजूला ठेवून त्याला कुलूप लावावे. कुंपणाचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरावा, नंतर तो राहूनच जातो.

ग्रामपंचायतीने आणि पोलिस पाटलांनी शिवारातल्या तळ्यांची यादी करून उन्हाळी सुट्टी लागण्याआधी एक फेरी मारावी. दार उघडे कुठे, कुंपण तुटले कुठे, एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे.

आत चारही बाजूंना पक्क्या खुंट्याला बांधलेला, हातभर अंतराने गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब कुंपणाला अडकवा आणि दर महिन्याला हवा तपासा. ही ट्यूब फवारणीच्या टाकीखाली ठेवायला नेऊ नका, एकदा नेली की ती परत येत नाही.