वेगळ्या शाळा, तिजोरी मात्र एकच

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९५४ पर्यंत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. त्यांच्या खर्चाविषयी काही समज अजून टिकून आहेत.

गैरसमज : कर गोरे भरत, म्हणून त्यांच्या शाळांना पैसा जास्त.

हा सगळ्यांत चिवट समज. राज्याचा शिक्षणनिधी शाळकरी वयाच्या मुलांच्या संख्येनुसार काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, मिळे. त्या मोजणीत कृष्णवर्णीय मुलं धरली जात, वाटपात मात्र गळत. अलाबामाने १८९१ मध्ये तशी कायदेशीर सोयच केली : स्थानिक विश्वस्तांनी स्वतःला न्याय्य वाटेल तसा पैसा वाटावा. मग ज्या कापूसपट्ट्यात कृष्णवर्णीय मुलं जास्त, तिथेच गोऱ्यांच्या शाळा सधन झाल्या. शिवाय कूळ जो खंड भरी, त्यातूनच मालकाचा जमीनकर निघे. पावती तेवढी मालकाच्या नावाची. उत्तर कॅरोलायनातले गोरे शिक्षणाधिकारी चार्ल्स कून यांनी १९०९ मध्येच आकडे मांडून दाखवलं, की कृष्णवर्णीयांच्या शाळांचा बोजा गोऱ्यांवर पडत नाही. पण ऐकायचं कोणी? मिसिसिपीने १८९० मध्ये आणि अलाबामाने १९०१ मध्ये नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळपास संपवला होता. मतच नसलेल्या माणसांना शाळामंडळ कशाला भीक घालेल?

दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत १९४९-५० साली गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. गोऱ्या मुलांसाठी ३० बस होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नाही. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली, पेट्रोलही स्वतःच भरलं. कर एकदा भरलेला होताच. त्याच कामासाठी खिशात पुन्हा हात घालावा लागला.

गैरसमज : ‘वेगळं पण समान’ हे निदान न्यायालयात तरी पाळलं जाई.

हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये उचलून धरलं, तेही रेल्वेच्या डब्यांच्या खटल्यात. तीनच वर्षांनी जॉर्जियातल्या ऑगस्टा शहराचं प्रकरण त्याच न्यायालयात आलं. तिथल्या शाळामंडळाने कृष्णवर्णीयांचं हायस्कूल बंद केलं होतं. गोऱ्या मुलींचं चालूच होतं. न्यायालयाला त्यात वावगं दिसलं नाही. निकाल लिहिला जॉन मार्शल हार्लन यांनी, १८९६ च्या निकालाला एकट्याने विरोध करणाऱ्या न्यायमूर्तींनी!

गैरसमज : कृष्णवर्णीयांच्या शाळा उद्योगपतींच्या दानातून उभ्या राहिल्या.

सिअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या मदतीने १९३२ पर्यंत सुमारे ५,००० शाळा बांधल्या गेल्या, हे खरंच. पण त्यांचा वाटा सुमारे ४३ लाख डॉलरचा होता. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी ४७ लाख जमवले. निम्म्याहून जास्त रक्कम करांतून आली, आणि तो कर त्यांनीही भरलेला होता.

गैरसमज : १९५४ च्या ब्राउन निकालाने पैशाचा प्रश्न मिटला.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाने शाळांमधल्या वेगळेपणालाच विषमता ठरवलं. निधी कसा उभारायचा, याला हात लावला नाही. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर एकत्र शाळा टाळण्यासाठी १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं; गोरी मुलं खासगी शाळेत गेली. पुढे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या वस्तीतल्या पालकांनी स्थानिक मालमत्ताकरावर चालणाऱ्या शाळानिधीला आव्हान दिलं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले.