वीज गेल्यानंतर संगणक सुरू न झाल्यास

ग्रामीण शाळांतील संगणक आता केवळ मुलांना दाखविण्यापुरता राहिलेला नाही. निकालपत्रके, हजेरीचे गोषवारे, पोषण आहाराचे हिशेब ही कामे त्यावर होऊ लागली आहेत. म्हणूनच रात्री गेलेली वीज सकाळी परत आल्यावर बटण दाबूनही यंत्र निपचित राहिले, की वर्षाच्या नोंदी बुडाल्या अशी धास्ती शिक्षकांस वाटते. ही धास्ती बहुधा अनाठायी असते. नोंदी हार्ड डिस्कवर असतात. बटणाला दाद न मिळणे हा मात्र बहुतेक वेळा वीजपुरवठ्यातील दोष होय.

तपासणी भिंतीकडून यंत्राकडे करीत जावी. सॉकेटमध्ये वीज आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी मोबाइलचा चार्जर लावण्याची पद्धत सोयीची खरी, पण ती फसवी आहे. असे चार्जर सामान्यतः 100 पासून 240 व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालतात. त्यामुळे दाब फार उतरलेला असला तरी चार्जर तक्रार करीत नाही. पूर्ण वेगावर ठेवलेला छताचा पंखा मंद फिरत असेल, तर दाब कमी आहे असे समजावे व तो पूर्ववत होईपर्यंत संगणक लावू नये. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. आपल्याकडील घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा असतो. परंतु वाहिनीवरील न्यूट्रल तार तुटल्यास एखाद्या फेजवर तो 400 व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. दिवे एकाएकी प्रखर दिसू लागले, तर मुख्य खटका तत्काळ बंद करून वायरमनला कळवावे.

पुरवठा ठीक असल्यास यूपीएसकडे वळावे. त्यातील बॅटरी रात्रीतून पूर्ण उतरली असेल, तर वीज आल्यावरही काही यूपीएस आपोआप सुरू होत नाहीत; त्यांचे बटण पुन्हा दाबावे लागते. बॅटरी जुनी झाली असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. संगणकाची वायर थोडा वेळ थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहावी. यंत्र सुरू झाले, तर दोष यूपीएसचा ठरतो.

तरीही यंत्र सुरू न झाल्यास पुढील उपाय अवश्य करावा. कित्येकदा तो एकटाच पुरेसा होतो. संगणकात वीज प्रथम एसएमपीएस नावाच्या लोखंडी पेटीत येते. दाबाचा धक्का बसला, की या पेटीतील संरक्षक योजना तिला बंद करून ठेवते, आणि आत साठलेला विद्युत्भार निघून जाईपर्यंत ती तशीच अडून राहते. सॉकेटचा खटका बंद करून वायर काढून घ्यावी, संगणकाचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, पाच-दहा मिनिटे थांबावे व मग वायर पुन्हा लावावी. पेटी स्वतः उघडण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यात तीनशे व्होल्टच्या आसपासचा भार काही काळ राहू शकतो.

पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, अशा वेळी मॉनिटरची वीज व त्याची केबल पाहावी. नंतरचे काम जाणकाराचे. एसएमपीएस जळला असेल तर तो बदलता येतो, आणि त्याने हार्ड डिस्कवरील नोंदींना सहसा धक्का लागत नाही. दुरुस्तीच्या दुकानात यंत्र देताना ‘प्रत काढल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे चिठ्ठीवर लिहून द्यावे. पुष्कळ शाळांची माहिती वीज जाण्याने नव्हे, तर दुकानातील या घाईने जाते.

यंत्र सुरू झाल्यावर डिस्क तपासली जात असल्याची सूचना पडद्यावर आल्यास, कितीही वेळ लागला तरी ती तपासणी पुरी होऊ द्यावी. मधेच बटण दाबून यंत्र बंद करू नये. तारीख एखाद्या जुन्या वर्षाची दिसत असेल, तर मदरबोर्डवरील 3 व्होल्टचा सीआर2032 हा बटणाच्या आकाराचा सेल उतरला आहे असे समजावे. तो अल्प किमतीत मिळतो. बदलेपर्यंत दररोज तारीख दुरुस्त करूनच नोंदी कराव्यात. अन्यथा त्या दिवशी तयार झालेल्या फायलींवर भलतीच तारीख पडते.