मुक्या बाळंतिणीची पूर्वतयारी

घरची गाय किंवा म्हैस विणार असली म्हणजे काय करायचे, हे जुन्या वाड्यांतील वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नसे. पेढी गावातून शहरात आली, वाडा जाऊन सदनिका आली, गोठा इतिहासजमा झाला आणि अनेक घरांत त्या मायेची जागा कुत्र्याने घेतली. माया तीच राहिली. मात्र गोठ्यातील अनुभव कुत्रीच्या बाळंतपणाला पुरत नाही. मग काही घरांत अतिउत्साहाने नको तेथे हात घातला जातो, तर काही घरांत ‘निसर्ग पाहून घेईल’ असे म्हणत, जेथे धावायला हवे तेथेच थांबले जाते. दोन्हींची किंमत मोजतो तो मुका जीव. कोठे स्वस्थ बसावे आणि कोठे क्षणभरही थांबू नये, हे आधी समजून घेणे हीच या प्रसंगाची खरी तयारी होय.

दिवसांची मोजणी

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. मीलन आणि प्रत्यक्ष गर्भधारणा यांत काही दिवसांचे अंतर पडू शकते. म्हणून मीलनाच्या तारखेपासून मोजल्यास हा काळ ५८ ते ६८ दिवसांपर्यंत मागेपुढे होतो. तारीख वहीत लिहून ठेवावी. चौथ्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत गर्भ दिसतात. पिले किती, हे मात्र ५५ व्या दिवसानंतर काढलेल्या एक्स-रेवरूनच नीट कळते. ही संख्या केवळ कुतूहलाची नाही. पाच पिले अपेक्षित असताना चार झाल्यावर कुत्री शांत पडून राहिली, तर पाचवे अडले आहे हे त्या एका आकड्यावरूनच ध्यानात येते.

पग, बुलडॉग यांसारख्या मोठ्या डोक्याच्या जातींत पिलू अडण्याचा संभव अधिक असतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. अशा कुत्रीच्या बाबतीत घरीच प्रसूती होऊ द्यावी की नाही, हे पशुवैद्याशी बोलून आधीच ठरवावे. जंतांचे औषध, लसी, गोचीड-पिसवांवरील उपाय यांपैकी काहीही गर्भारपणात स्वतःच्या मनाने देऊ नये.

शाकाहारी घरातील प्रश्न

कुत्रा मांजरासारखा केवळ मांसावरच जगू शकणारा प्राणी नाही. योग्य रीतीने सिद्ध केलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. परंतु ‘योग्य रीतीने सिद्ध केलेला’ या शब्दांत सारे आले. दूध-पोळी आणि वरण-भात यांवर गर्भार कुत्रीची गरज भागत नाही. वाढत्या पिलांच्या व गर्भिणीच्या खाद्याविषयीच्या अमेरिकी मानकानुसार १०० ग्रॅम कोरड्या अन्नांशात किमान २२.५ ग्रॅम प्रथिने असावी लागतात. म्हणून तयार शाकाहारी खाद्य घेताना ते वाढत्या पिलांसाठी आणि गर्भिणीसाठी चालते, असे पाकिटावर लिहिले आहे का, हे पाहावे. घरचेच अन्न द्यायचे असेल तर त्याचे प्रमाण पशुवैद्याकडून बांधून घ्यावे. हा विचार मीलनापूर्वी व्हावा हे उत्तम. आपल्या घराचा नियम पाळताना मुक्या जीवाच्या पोटाला उणे पडू नये, एवढी जबाबदारी पाळणाऱ्यावर येतेच.

पहिले पाच आठवडे आहार नेहमीइतकाच असावा. त्यानंतर तो हळूहळू वाढवत शेवटच्या टप्प्यात सव्वा ते दीडपट करावा. पोटातील जागा कमी झाल्याने थोडे थोडे पण अनेकदा द्यावे. पिले अंगावर पिऊ लागली की गरज आणखी वाढते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पटही होते.

येथे मायेपोटी दोन घातक गोष्टी घडतात. पहिली कॅल्शियमची. ‘हाडे मजबूत होतील’ म्हणून गर्भारपणात कॅल्शियमचे औषध पाजले जाते. बाहेरून सतत कॅल्शियम मिळू लागले की स्वतःच्या हाडांतील साठा वेळेवर वापरण्याची शरीराची यंत्रणा मंदावते आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरते. छोट्या जातीच्या आणि पुष्कळ पिले असलेल्या कुत्रीला हा धोका विशेष असतो. दुसरी गोष्ट बाळंतिणीच्या लाडवांची. सुनेसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवातील एक मुक्या बाळंतिणीलाही द्यावा, असे कोणालाही वाटेल. पण मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. कांदा-लसूणही कुत्र्याला विषारी आहेत. ते वर्ज्य असलेल्या घरात हे भय उरत नाही, मात्र बाहेरून आणलेल्या खाऊबाबत सावध राहावे.

जागा कशी असावी

विण्याची जागा दहा-बारा दिवस आधी तयार करून कुत्रीला तेथे झोपण्याची सवय लावावी. आयत्या वेळी जागा दाखवली तर ती पलंगाखाली किंवा कपाटात आपली जागा शोधते. कुत्रीला चारी पाय पसरून आडवे होता येईल एवढी लाकडी पेटी किंवा भक्कम खोके पुरे. एक बाजू इतकी ठेंगणी ठेवावी की तिला सहज ओलांडता येईल, पण पिले बाहेर पडणार नाहीत. पेटीच्या आतून, तळापासून आणि भिंतीपासून चारेक इंच अंतरावर पट्टी ठोकावी. आई भिंतीला टेकून बसली तरी या पट्टीमागील फटीत सापडलेले पिलू चिरडत नाही.

खाली जुन्या वर्तमानपत्रांचे थर आणि वर धुतलेल्या सुती चादरी घालाव्यात. दुकानातील गोणपाट वापरू नये; त्याच्या सुटलेल्या धाग्यांत पिलांचे पाय व माना अडकतात. ज्या घरांत पाळीव जनावराच्या विण्याचेही सूतक पाळतात, तेथे स्वयंपाकघर आणि देवघर यांपासून दूरची जागा निवडली जाणे साहजिक आहे. पण म्हणून तिची रवानगी गोदामात किंवा गच्चीवर होऊ नये. जागा शांत असावी, तरी रात्री कण्हण्याचा आवाज घरातील माणसाच्या कानी पडावा, इतकी जवळ असावी.

नवजात पिलांना स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती सुमारे २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान हवे. पावसाळ्यात व थंडीत पेटीच्या एकाच कोपऱ्यावर दिव्याची ऊब द्यावी, म्हणजे नकोसे झाल्यास पिले सरकू शकतात. विदर्भातील वैशाखात प्रश्न उलटा असतो. तेथे आईला धाप लागणार नाही असा वारा हवा, पण पंख्याचा झोत थेट पिलांवर नको.

हाताशी ठेवायच्या वस्तू थोड्याच: स्वच्छ पंचे, उकळून घेतलेली कात्री व जाड दोरा, आयोडीन, थर्मामीटर, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा, पिलांसाठीची दूध-पावडर आणि रात्री उघड्या असणाऱ्या पशुरुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक. विणे पुष्कळदा रात्रीच होते. तेव्हा गाडी कोण चालवील, हेही आधीच ठरलेले असावे.

चाहूल आणि प्रसूती

कुत्रीच्या शरीराचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. शेवटच्या आठवड्यात ते सकाळ-संध्याकाळ मोजून लिहावे. ते ९९ च्या खाली उतरले की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. कुत्री अन्न सोडते, धापा टाकते, अंथरूण उकरते. ही अवस्था ६ ते १२ तास, क्वचित त्याहूनही अधिक चालते. या काळात शेजारपाजाऱ्यांना गोळा करू नये. ओळखीचे एक माणूस जवळ असले की पुरे.

पुढे जोराच्या कळा येऊन पिले साधारणतः अर्ध्या ते एक तासाच्या अंतराने बाहेर येतात. काही पिले मागच्या पायांनी येतात. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. आई पाणमोट फाडते, नाळ तोडते आणि पिलू चाटते. तिने मिनिटभरात पाणमोट फाडली नाही, तरच माणसाने ती तोंडापासून सोडवावी, नाक-तोंड पुसावे आणि पिलाला कोरड्या पंच्याने चोळावे. नाळ पोटापासून इंचभर अंतरावर बांधून पुढे कापावी. पिलू आत असताना ओढू नये आणि कळा वाढवण्याचे इंजेक्शन घरी कदापि देऊ नये. पिलू अडलेले असल्यास गर्भाशय फाटू शकते.

पुढीलपैकी काहीही दिसले तर थांबू नये, तत्काळ पशुवैद्य गाठावा:

- अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिलू बाहेर न येणे.
- पिले शिल्लक असताना दोन तासांहून अधिक खंड पडणे.
- पहिल्या पिलापूर्वीच हिरवट-काळा स्राव दिसणे.
- तापमान उतरून २४ तास झाले तरी कळा सुरू न होणे.
- आई निपचित पडणे किंवा पुष्कळ रक्तस्राव होणे.

पहिले तीन आठवडे

पहिल्या काही तासांतच प्रत्येक पिलाच्या पोटात आईचा चीक गेला पाहिजे. रोगप्रतिकाराची शिदोरी त्यातूनच मिळते. त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी प्रत्येकाचे वजन करून रोजमेळाइतक्या चोखपणे लिहावे. पहिल्या दिवशी किंचित घट चालते, पुढे मात्र रोज वाढ दिसली पाहिजे आणि सात ते दहा दिवसांत वजन दुप्पट व्हावे. काट्यावरचा आकडा थांबला की पिलू मागे पडते आहे, हे डोळ्यांना दिसण्याआधी कळते.

आईचे दूध अपुरे पडल्यास गाईचे दूध हा पर्याय नव्हे. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात. पिलांसाठीची दूध-पावडरच वापरावी आणि पाजताना पिलाला पालथे ठेवावे. मुलासारखे उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाते. पिलांचे डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. या काळात आई थरथरू लागली, पाय ताठ झाले, अस्वस्थपणे धापा टाकू लागली, तर ती कॅल्शियम घसरल्याची खूण समजावी. काही तासांतच जीव जाऊ शकतो; तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

पिलांचे पुढे काय?

हा प्रश्न खरे तर मीलनापूर्वी विचारायचा. पाच-सहा पिलांना चांगली घरे मिळवून देणे, हे त्यांना जन्माला येऊ देण्याहून कठीण काम आहे. आठ आठवड्यांच्या आत पिलू आईपासून तोडू नये. श्वानप्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिलाच्या विक्रीस मनाई आहे आणि विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ज्या घरांना पुन्हा ही जबाबदारी पेलणार नाही, त्यांनी पिले तुटल्यावर आणि आईचे दूध आटल्यावर तिची नसबंदी करून घ्यावी. जन्मलेल्या प्रत्येकाची सोय लावणे जेवढे दयेचे आहे, तेवढेच ज्यांची सोय लावता येणार नाही त्यांना जन्मास न घालणेही दयेचेच आहे.