बिनतारी जोडणी अडते कोठे?

यंत्र बिघडले म्हणजे आपण बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो; त्याला बोल लावतो, नाहीतर नवे आणावयास निघतो. ते नेमके कोठे अडले आहे हे त्यालाच विचारावे, ही तिसरी वाट आपणांस सहसा सुचत नाही. आज आम्हांस त्या वाटेने जावयाचे आहे, आणि त्यासाठी घेतलेले उदाहरण आहे अंगठ्याएवढ्या वस्तूचे. लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला लावावयाचा यूएसबी वायफाय अडॅप्टर, म्हणजे बाजारात ज्याला डोंगल म्हणतात तो, हा आपला विषय.

विषय लहान, पण त्यावर अवलंबून असलेली गोष्ट लहान नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल संपली. पुढची आवृत्ती पेलू न शकणारे, पण अंगाने धडधाकट असे कितीतरी लॅपटॉप घरोघरी आहेत. त्यांना दुसरे आयुष्य देण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. ती विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. परंतु आतले वायफाय निकामी झालेले असते, म्हणून अडॅप्टर आणावा, तर तो लागत नाही. आणि जो लॅपटॉप कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या उपयोगी पडला असता, तो भंगारात जातो. म्हणून हा दोष शोधावा कसा, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

नाशिकात एखाद्या घरचा नळ कोरडा पडला, तर शहाणा गृहस्थ प्रथम गंगापूर धरणावर धावत नाही. तो तोटी पाहतो, गच्चीवरची टाकी पाहतो, मग गल्लीतील वाहिनीची चौकशी करतो. येथेही तोच क्रम ठेवावयाचा. लॅपटॉपपासून हवेतील लहरींपर्यंत पाच मुक्काम आहेत. एकेक मुक्काम तपासल्याखेरीज पुढे जावयाचे नाही.

पहिला प्रश्न: यंत्राला अडॅप्टर दिसतो काय? यूएसबी ही जोडणी १९९६ साली प्रचारात आली. ती घडविणाऱ्या इंटेलमधील मंडळींत अजय भट्ट हे प्रमुख. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या ज्या विद्यापीठात झाले, त्याला महाराज सयाजीरावांचे नाव आहे. आणि सयाजीराव जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे गावी. या जोडणीची खुबी अशी, की लावलेली प्रत्येक वस्तू आपला क्रमांक स्वतः सांगते. टर्मिनलच्या खिडकीत ‘एलएसयूएसबी’ ही पाच लहान इंग्रजी अक्षरे सलग टंकली, की यादी उमटते. तीत प्रत्येक वस्तूपुढे चार-चार चिन्हांचे दोन गट असतात. पहिला गट उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. अडॅप्टर यादीतच नसेल, तर दोष सॉकेटचा, विजेचा किंवा अडॅप्टरचाच. यूएसबी २.० च्या सॉकेटातून सामान्यतः ५०० मिलिअँपिअरच मिळतात. तेवढ्यातच चार वस्तू पोसणाऱ्या हबवर अडॅप्टर लावला, तर तो उपाशी राहतो. काही अडॅप्टर तर प्रथम सीडीचे सोंग घेऊन येतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजसाठीचा ड्रायव्हर असतो. ते सोंग उतरविण्यासाठी ‘यूएसबी मोडस्विच’ नावाची सोय लिनक्समध्ये आहे.

दुसरा प्रश्न: त्याला ड्रायव्हर मिळाला काय? ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली असता डब्ल्यू आणि एल या अक्षरांनी सुरू होणारे नवे नाव दिसले, तर मिळाला. मुंबईकडची जुनी वीज आणि पुढची वीज निरनिराळी, म्हणून अनेक वर्षे इगतपुरीला गाड्यांचे इंजिन बदलावे लागे. डबे तेच, रूळ तेच, पण तारेतील विजेला साजेसे इंजिन हवे. ड्रायव्हरही असाच चिपला साजेसा लागतो. आणि चिप कोणती, हे खोक्यावरच्या नावावरून कळत नाही. टीपी-लिंकचा ‘टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन’ हा अडॅप्टर पाहा. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची. नाव एक, ड्रायव्हर भिन्न. म्हणून शोध घ्यावा तो क्रमांकाचा, नावाचा नव्हे. लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, ड्रायव्हर असेल तर उत्तम. बाहेरून आणून बसविला असेल, तर कर्नल अद्ययावत होताच तो निकामी होऊ शकतो. त्यासाठी ‘डीकेएमएस’ची व्यवस्था करावी. ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास सही नसलेल्या ड्रायव्हरला प्रवेश मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

तिसरा प्रश्न: फर्मवेअर आहे काय? कित्येक चिपांना चालू होताना आपली कार्यसूची बाहेरून वाचून घ्यावी लागते. ‘सुडो डीएमईएसजी’ या आज्ञेने कर्नलची रोजनिशी वाचता येते. तीत फर्मवेअर मिळाले नाही असे लिहून शेवटी उणे २ हा आकडा असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की फाईल सापडली नाही. डेबियनच्या मंडळींनी २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर प्रतिष्ठापनेबरोबरच दिले आहे. परंतु ते उतरवून घ्यावयाचे, तर आधी इंटरनेट हवे! अशा वेळी मोबाईल केबलने जोडावा व ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. बहुधा तेवढ्याने काम भागते.

चौथा प्रश्न: कोणी कुलूप लावले आहे काय? ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा ते सांगते. विमानाचे चित्र असलेली कळ चुकून दाबली गेली, तरी सारी बिनतारी यंत्रणा मुकी होते.

पाचवा प्रश्न हवेचा. भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याविना खुला केला. त्यात आपल्याकडे १३ वाहिन्या चालतात, अमेरिकेत सामान्यतः ११. अडॅप्टर अमेरिकेचे नियम पाळत असेल आणि घरचा राउटर १३ व्या वाहिनीवर असेल, तर दोघे शेजारी असूनही भेट होत नाही. राउटर १, ६ किंवा ११ वर आणावा. केवळ २.४ समजणाऱ्या अडॅप्टरला ५ गिगाहर्ट्झचे जाळे दिसणारच नाही. तो बिघाड नव्हे. तसेच यूएसबी ३.० ची जोडणी याच पट्ट्यात गोंगाट करते, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले आहे. तेव्हा वेग मंदावला असेल, तर हातभर एक्स्टेंशन केबल लावून अडॅप्टर दूर ठेवून पाहावा.

हे पाच प्रश्न विचारावयास अर्धा तास पुरतो. एखाद्या प्रश्नाशी आपण अडलात, तरी श्रम वाया जात नाहीत. कोणत्या मुक्कामी अडले, अडॅप्टरचा क्रमांक काय, कर्नलची आवृत्ती कोणती आणि रोजनिशीत शेवटी काय उमटले, एवढे एका कागदावर लिहावे आणि मग जाणत्याकडे जावे. ‘वायफाय चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्याला दुकानदार नवा अडॅप्टर विकील. हा कागद पुढे ठेवणाऱ्याचा जुनाच चालू करून देण्याचा संभव पुष्कळ अधिक.